काचेचं ठाणं

पहाटे सहाला मी बादली भरते.
कोमट पाणी, बूचभर व्हिनेगर, जुनी वर्तमानपत्रं.
काच कागदानेच चमकते, फडक्याने नाही.

झुगदिदीचं नवं पोलीस ठाणं सगळं काचेचं.
रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे,
असं म्हणाले उद्घाटनाच्या दिवशी,
कोण बसलंय, कोण उभं आहे,
कोणाचा हात कोणाच्या खिशात आहे.
लोक टाळ्या वाजवत होते.
मी वर बघत होते:
शिडी लागणार.

आधी इथे दगडी इमारत होती,
खिडक्या इतक्या उंच की पुसायचा प्रश्नच नव्हता.
मेराबला तिथे नेलं तेव्हा तो एकोणीसचा.
मी सुलगुनीचे चार गोळे नेऊन दिले,
मग कानातली नेऊन दिली.
तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला परत दिलं.
तो आला असं मी म्हणत नाही. दिलं.
आता तो पोलंडात ट्रक चालवतो
आणि फोन नेहमी डाव्या कानाला धरतो.

दगड पाडले. तळघर तसंच राहिलं.
तिथे हल्ली फिनेल असतं, कागदाचे गठ्ठे,
माझी शिडी, माझ्या दोन बादल्या.
मी दिवा लावते, बादली उचलते, वर येते.
भिंतीकडे बघत नाही.

समोरच्या कोपऱ्यावर ओतिया सूर्यफुलाच्या बिया विकतो.
हाच ओतिया चौकात शिटी मारून गाड्या अडवायचा,
चिरीमिरी टोपीत ठेवायचा, टोपी डोक्यावर.
एका सकाळी सगळ्यांना एकदमच घरी पाठवलं.
आता पेला भरताना वर चार बिया जास्त टाकतो मला,
आणि म्हणतो, काच फुटते हं, लामारा.

ऑक्टोबरात माझी गाय गेली.
दोर कापलेला, कुंपण जागच्या जागी.
शेजारीण म्हणाली, तू तर तिथलीच, जाऊन सांग.
मी तिथलीच, पण मागच्या दाराची.
अकरा दिवस मी ठाण्याच्या काचा पुसल्या
आणि आतल्या कोणाला गायीबद्दल बोलले नाही.
बाराव्या दिवशी शिडी उतरले,
हात ॲप्रनला पुसले
आणि पुढच्या दाराने आत गेले.

मुलगी होती टेबलाशी, तेकला नावाची, तेवीसची असेल.
तिने खुर्ची दाखवली.
मी उभीच राहिले. त्या पत्त्यावर मला बसायची सवय नाही.
तिने रंग विचारला, वय विचारलं, शिंग कुठलं मोडलेलं ते विचारलं,
लिहिलं, वाचून दाखवलं.
चूक होती एक. मी सांगितली.
तिने खोडली. माझ्यासमोर.

तीन आठवड्यांनी ती घरी आली,
बुटांना चिखल, एकटीच.
गाय सापडली नाही, म्हणाली.
सेनाकीच्या बाजारापर्यंत चौकशी केली, नाही सापडली.

एवढंच सांगायला आलीस?
एवढंच.

मी भाकर ठेवली, अक्रोड ठेवले, चीज कापलं.
तिने हात लावला नाही. नियम आहे, म्हणाली.
मला राग आला. खरंच आला.
त्या इमारतीत माझं चीज कोणी नाकारलं नव्हतं आजवर,
आणि माझ्या घरात पाहुणा उपाशी गेला नव्हता.
शेवटी पाणी प्यायली, उभ्याने.

दारात मी तिला विचारलं,
मेराबचा कागद कुठल्या कपाटात असेल?
ती बराच वेळ टोपीची किनार चाचपत राहिली.
माहीत नाही, म्हणाली.
मग म्हणाली, नाव पूर्ण सांगा.

मी सांगितलं.
तिने लिहून घेतलं. पुढचं काही मला माहीत नाही.

आज पहाटे पुन्हा बादली.
पुढच्या दारावर खूप हात उमटलेले,
एक लहान मुलाचं नाक.
पुसलं सगळं.
उद्यासाठी जागा नको का.